अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यासोबत फुटबॉल कसा पाहावा

डिसेंबर उजाडला की गोव्यातल्या अनेक घरांत परदेशी राहणारी मंडळी सुट्टीला येतात, आणि नेमक्या त्याच सुमारास भातकापणी झालेल्या शेतांत गोलपोस्ट उभे राहून वाड्यावाड्यांच्या फुटबॉल स्पर्धा सुरू होतात. आखातातून किंवा लंडनहून आलेल्या पाहुण्याला सामन्याला नेण्यात काहीच अडचण नसते. तो आपल्या आधी चपला घालून दारात उभा असतो. प्रश्न येतो तो अमेरिकेत वाढलेल्या भाच्या-पुतण्यांचा. त्यांना फुटबॉलचा राग नसतो, तिरस्कारही नसतो. नुसती अनास्था असते, आणि फुटबॉलवेड्या यजमानाला रागापेक्षा ही अनास्थाच अधिक बोचते. अशा पाहुण्यासोबत सामना पाहण्याची वेळ आल्यास काय करावे आणि मुख्यतः काय टाळावे, हे मी स्वतःच्या चुकांवरून शिकलो आहे.

त्यातली मोठी चूक 18 डिसेंबर 2022 ची. विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्या वेळेनुसार रात्री साडेआठला सुरू झाला, तेव्हा डिचोलीच्या आमच्या घरात पंधराएक माणसे दाटीवाटीने बसली होती आणि त्यांत मिनेसोटात वाढलेला माझा भाचाही होता. अर्जेंटिनाने 23 व्या आणि 36 व्या मिनिटाला गोल केले, तेव्हा त्याने सर्वांसोबत टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मात्र त्याचे डोळे हळूहळू फोनकडे वळले. उत्तरार्ध बराच सरल्यावर तो अगदी निरागसपणे म्हणाला, "मामा, केव्हापासून काहीच झालं नाहीये." मी चिडून म्हणालो, "कळत नसेल तर बघू नकोस." तो मुकाट्याने उठून सोप्यावर जाऊन बसला. पुढच्या काही मिनिटांतच फ्रान्सच्या एम्बाप्पेने 80 व्या मिनिटाला पेनल्टीवर आणि लगेच 81 व्या मिनिटाला धावत्या चेंडूवर असे दोन गोल मारून बरोबरी साधली. घर दणाणून गेले आणि भाचा बाहेर अंधारात बसून राहिला.

तो फोनवर काय पाहत होता, हे दुसऱ्या दिवशी समजले. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री, आम्ही सगळे झोपलो असताना, त्याच्या गावच्या मिनेसोटा वायकिंग्ज संघाने मध्यंतराला 33-0 असे पिछाडीवर असूनही इंडियानापोलिस कोल्ट्सला जादा वेळेत 39-36 असे हरवले होते. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या इतिहासात एवढी मोठी पिछाडी कोणीही भरून काढलेली नव्हती. भाचा पहाटे तीनपर्यंत जागा होता आणि अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी चहा पिताना त्याने मला ते सांगितलेही होते. मी "असं होय" म्हणून वर्तमानपत्र पुढे ओढले होते.

तेव्हा पाहुण्याला खेळ दाखवण्याआधी यजमानाने आपल्या डोक्यातले गैरसमज काढून टाकावेत. 'अमेरिकेत फुटबॉल नाहीच' हा त्यांतला पहिला. 1930 च्या पहिल्याच विश्वचषकात अमेरिकेचा संघ उपांत्य फेरीत पोहोचला होता. 1950 मध्ये ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथे त्याने इंग्लंडला 1-0 असे हरवले होते. 1994 चा विश्वचषक अमेरिकेत झाला, तेव्हा 52 सामन्यांना सरासरी सुमारे 69 हजार प्रेक्षक आले, आणि ती सरासरी 2022 पर्यंतच्या कोणत्याही विश्वचषकाला गाठता आली नाही. त्यांच्या महिला संघाने 1991, 1999, 2015 आणि 2019 असा चार वेळा विश्वचषक जिंकला आहे. 1999 चा अंतिम सामना पाहायला पॅसाडेनाच्या रोझ बोलमध्ये 90 हजारांहून अधिक लोक होते. शाळकरी वयात चेंडू पायाने खेळलेली मुले-मुली तिथे लाखोंनी सापडतील. मात्र 2023 च्या अखेरीस गॅलप या सर्वेक्षण संस्थेने लोकांना पाहण्यासाठी आवडता खेळ कोणता असे विचारले, तेव्हा 41 टक्के लोकांनी अमेरिकन फुटबॉलचे नाव घेतले आणि सॉकरचे, म्हणजे आपल्या फुटबॉलचे, नाव घेणारे 5 टक्के निघाले. लहानपणी खेळणे आणि मोठेपणी रविवारची दुपार त्यासाठी राखून ठेवणे या दोन गोष्टी तिथे एकमेकींना जोडल्याच गेल्या नाहीत.

असे का झाले, याचे उत्तर पाहुण्याच्या स्वभावात शोधू नये. ते त्याच्या देशाच्या दिनदर्शिकेत सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे आपल्या शिवोलीत फुटबॉल पहिल्यांदा खेळला गेल्याचे सांगतात त्या 1883 च्या आसपास, अमेरिकेत उन्हाळा बेसबॉलने आधीच व्यापला होता. शरद ऋतू मोकळा होता आणि तो आपल्या फुटबॉलच्या वाट्याला येण्याची शक्यता खरोखरच होती. 6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेला पहिला महाविद्यालयीन सामना हातात चेंडू घेऊन पळण्यास बंदी असलेला, म्हणजे आपल्या खेळाच्या जवळचाच होता. परंतु हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना चेंडू उचलून पळण्याचा खेळ अधिक आवडला, 1874 मध्ये ते कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाशी तसे सामने खेळले, आणि दोनच वर्षांत इतर मोठ्या महाविद्यालयांनी रग्बीच्या धर्तीवरचे नियम स्वीकारले. पुढे हिवाळ्यात बास्केटबॉल आणि आइस हॉकी आले. विसाव्या शतकात शाळा, महाविद्यालये, वर्तमानपत्रे आणि नंतर दूरचित्रवाणी यांनी वर्षाचे बाराही महिने या चार खेळांत वाटून टाकले. जत्रेत ज्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते, त्याला उठवून आपले दुकान मांडणे सोपे नसते.

तरीही प्रयत्न झाले आणि त्यांचे काय झाले, हे पाहुण्याला नसले तरी यजमानाला ठाऊक असावे. 1920 च्या दशकात ईशान्येकडच्या गिरणी-कारखान्यांच्या गावांत व्यावसायिक लीग चांगली चालली होती. 1928 मध्ये तिचे राष्ट्रीय संघटनेशी भांडण जुंपले, पाठोपाठ महामंदी आली आणि लीग कोसळली. 1968 मध्ये आणखी एक लीग आली, 1975 मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळू लागला, 1977 मध्ये त्या संघाच्या एका सामन्याला 77 हजारांवर गर्दी झाली, आणि 1984 च्या हंगामानंतर तीही लीग बंद पडली. 1996 मध्ये सुरू झालेली मेजर लीग सॉकर टिकली आहे. 2023 मध्ये मेस्सी तिच्यात दाखल झाला. एखाद्या देशात मुलाला घेऊन सामन्याला गेलेला बाप, त्याचा बाप आणि तोच क्लब अशी साखळी तयार व्हायला दोन-तीन पिढ्या अखंड लागतात. आपल्याकडे धेंपो आणि साळगांवकर या गोव्यातल्या क्लबांच्या सामन्यांच्या गोष्टी आजोबांकडून ऐकायला मिळतात. अमेरिकेतल्या पाहुण्याकडे तेवढ्या जुन्या गोष्टी सांगणारे आजोबा बेसबॉलचे असतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळावे. सर्वांत आधी पाहुणा कोणत्या प्रकारचा अमेरिकन आहे, हे दोन-तीन प्रश्नांतून ओळखावे. मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांच्या शेजारात वाढलेला मुलगा मेक्सिकन लीगचे सामने स्पॅनिश वाहिनीवर पाहत आलेला असू शकतो. सिएटल किंवा पोर्टलंडहून आलेला पाहुणा गळ्यात क्लबचा स्कार्फ घालून उभ्याने गाणारा निघू शकतो. महाविद्यालयात बचावफळीत खेळलेली पुतणी तर आपल्यालाच चार गोष्टी शिकवून जाईल. अशा पाहुण्यांना काहीही समजावण्याच्या फंदात पडू नये. पुढचे सारे विवेचन खऱ्याखुऱ्या अनास्थ पाहुण्यासाठी आहे.

त्याला सुरुवातीला टीव्हीसमोर बसवू नये. अमेरिकन फुटबॉल हा टीव्हीसाठी जणू घडवलेलाच खेळ आहे: प्रत्येक डाव काही सेकंदांचा, मग थांबणे, तोच डाव पुन्हा दाखवणे, त्यावर रेघा ओढून समजावणे आणि अधूनमधून जाहिरात. आपला खेळ 45 मिनिटे न थांबता चालतो, आणि पडद्यावर चेंडूभोवतीचे दहा-बारा खेळाडूच दिसतात. बाकीच्यांनी काय चालवले आहे, ते कळत नाही. 1967 मध्ये अमेरिकन टीव्हीने साखळी सामने दाखवायला घेतले, तेव्हा जाहिरातींना वेळ मिळावा म्हणून आपण खेळ थांबवत होतो, अशी कबुली एका रेफरीनेच देऊन टाकली होती. म्हणून पाहुण्याला म्हापशाच्या दुलेर मैदानावर किंवा त्याहूनही उत्तम म्हणजे गावच्या स्पर्धेला न्यावे आणि बांधावर, रेषेपासून हातभर अंतरावर बसवावे.

आमच्या जवळच्या गावात मी भाच्याला पुढच्या वर्षी असेच नेले. शेताच्या एका कडेला चुन्याची रेषा पुसट झाली होती, दुसऱ्या कडेला चिरे मांडले होते, आणि प्रत्येक गोलकिकनंतर चेंडू माडांत गेला की एक पोरगा तो आणायला धावत होता. उजवीकडचा बचावपटू चाळिशीचा, पोट सुटलेला, पण जागा अचूक धरणारा. समोरचा तरणा पोरगा त्याला वेगात सहज मागे टाकेल असे वाटत होते. तरीही हा गृहस्थ प्रत्येक वेळी दोन पावले आधीच तिथे हजर. चेंडू दुसऱ्या टोकाला असतानाही तो हात वर करून गोलीशी बोलत होता, डावीकडच्याला आत ओढत होता. मी भाच्याला एवढेच सांगितले की चेंडू सोड आणि दहा मिनिटे फक्त या माणसाकडे बघ. सातव्या-आठव्या मिनिटाला तो माझ्या कानाशी म्हणाला, "मामा, हा सेफ्टी आहे." त्यांच्या खेळात सर्वांत मागे उभे राहून समोरचा सारा डाव वाचणाऱ्या खेळाडूला सेफ्टी म्हणतात, हे मला त्याने नंतर समजावून दिले. त्या दिवशी गोल एकच झाला, तोही कॉर्नरवरून गोंधळात. पण 'काहीच झालं नाही' हे वाक्य पुन्हा ऐकू आले नाही.

मला वाटते, अनास्थेचे मूळ बऱ्याच अंशी या वाक्यातच आहे. पाहुण्याच्या कानाला जे 'होणे' ठाऊक आहे, त्याची नोंद फलकावर पडते. त्यांच्या बास्केटबॉलमध्ये एकेक संघ शंभरावर गुण करतो, बेसबॉलमध्ये प्रत्येक चेंडूची आकडेवारी ठेवली जाते. आपल्याकडे 2022 च्या विश्वचषकात 64 सामन्यांत 172 गोल झाले, म्हणजे सामन्याला तीनही नाहीत. ख्यालगायन प्रथमच ऐकणारा माणूस तानांची वाट पाहत अवघडून बसतो आणि शेजारचा रसिक मात्र विलंबितातल्या एका स्वरावर मान डोलावतो, तसाच हा प्रकार आहे. इथे मनधरणीचा उपयोग नसतो. कान तयार होण्यासाठी एखादी खूण हाती द्यावी लागते.

ती खूण देताना पाहुण्याच्याच हिशेबाचा आधार घ्यावा. अमेरिकन फुटबॉलमध्ये टचडाऊनचे, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेल्याचे, सहा गुण आणि वर जोडीचा एक मिळतो. म्हणजे 21-14 असा भरघोस दिसणारा निकाल बहुधा तीन टचडाऊनविरुद्ध दोन, आपल्या भाषेत 3-2 असतो. हे कागदावर मांडून दाखवल्यावर माझा भाचा काही वेळ गप्प बसला होता. मात्र हा हिशेब टोमणा म्हणून मारू नये. त्यांच्या तीन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात जेमतेम अकरा मिनिटे असतो, हेही मोजून दाखवणाऱ्यांनी दाखवले आहे. पण ते ऐकवण्याचा मोह आवरावा, कारण आपल्याही 90 मिनिटांतला बराचसा वेळ थ्रो-इन, फ्री किक आणि लोळण घेण्यात जातो.

घड्याळाविषयी दोन शब्द आधीच सांगून ठेवावेत. त्यांचे घड्याळ उलटे चालते, खेळ थांबला की बऱ्याचदा थांबते आणि शून्यावर आले की सामना संपतो. आपले घड्याळ पुढे चालते, थांबत नाही, आणि वाया गेलेला वेळ मोजून सामना कधी संपवायचा, ते रेफरी ठरवतो. न सांगितल्यास पाहुण्याला 90 मिनिटांनंतरचा खेळ ही लबाडी वाटते. बरोबरीचेही तसेच आहे. बेसबॉलमध्ये निकाल लागेपर्यंत डाव वाढवत नेतात आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये बरोबरी क्वचितच होते, त्यामुळे 0-0 वर टाळ्या वाजवत घरी जाणारे प्रेक्षक त्याला वेडे वाटतात. मेजर लीग सॉकरने सुरुवातीच्या काळात उलटे घड्याळ ठेवले होते आणि बरोबरी टाळण्यासाठी 35 यार्डांवरून गोलीवर चालून जाण्याचा शूटआउटही ठेवला होता. जे थोडे खरे चाहते होते, त्यांनाच तो नकोसा झाला आणि 1999 च्या हंगामानंतर तो बंद करण्यात आला. पाहुण्याला बरोबरी समजावण्यासाठी आपल्याजवळ एक सोपे साधन आहे: पाच दिवस खेळून अनिर्णित राहणारा कसोटी क्रिकेट सामना. ते ऐकल्यावर 90 मिनिटांची बरोबरी त्याला अगदीच सुसह्य वाटू लागते.

ऑफसाइड पहिल्या दिवशी समजावू नये. विचारलेच, तर "चेंडू येण्याआधी गोलजवळ जाऊन ताटकळत बसता येत नाही" एवढ्यावर भागवावे. मीठ, काड्यापेटी आणि चमचे घेऊन जेवणाच्या टेबलावर ऑफसाइड शिकवण्याचा कार्यक्रम आमच्या घरात एकदा झाला होता. त्यात जेवण गार झाले आणि दोन थोरल्या माणसांतच वाद पेटला.

पाहुण्याहून अवघड काम आहे ते इतर चाहत्यांना आवरण्याचे. अमेरिकन माणूस घरात आहे हे कळताच शेजारचा कोणी तरी येऊन "तुका फुटबॉल कळना मरे!" असे म्हणणारच, आणि मग सॉकर या शब्दावरून हसणे सुरू होईल. त्याला आधीच बाजूला घेऊन सांगावे की हा शब्द अमेरिकेने काढलेला नाही. असोसिएशन फुटबॉल या नावातल्या 'सॉक' या तुकड्यावरून तो इंग्लंडच्याच विद्यार्थ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनवला आणि तिथे तो विसाव्या शतकातही बराच काळ सर्रास वापरात होता. दुसरे म्हणजे 'अर्ध्या जगाला आवडतो तो खेळ तुम्हालाच कसा आवडत नाही' हा प्रश्न कोणालाही विचारू देऊ नये. अशा प्रश्नाने आवड निर्माण झाल्याचे एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. होते ते एवढेच की अनास्थ माणूस पहिल्यांदाच आपल्या अनास्थेचे समर्थन करू लागतो, आणि ज्याला काही मत नव्हते, त्याला मत फुटते. मग तो लोळण घेणाऱ्या खेळाडूंची नक्कल करतो, आपण त्यांच्या शिरस्त्राणांची टिंगल करतो, आणि खेळ बाजूलाच राहतो. आम्हा गोवेकरांचा हा तोरा तसा गमतीचाच आहे. ब्राझील, अर्जेंटिना आणि पोर्तुगालचे झेंडे वाड्यावाड्यांत फडकावणाऱ्या आपल्या देशाचा पुरुष संघ विश्वचषकात अजून एकही सामना खेळलेला नाही.

त्याऐवजी पाहुण्याला त्याच्या देशाचा एक धागा इथेच दाखवावा. 2017 मध्ये 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा 21 ऑक्टोबर रोजी अमेरिकेचा संघ आपल्या फातोर्ड्याच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध उपांत्यपूर्व सामना खेळला आणि 4-1 असा हरला. गंमत अशी की त्याआधी अवघ्या अकरा दिवसांपूर्वी त्यांचा थोरला संघ त्रिनिदादमध्ये हरून 2018 च्या विश्वचषकाबाहेर पडला होता. फातोर्ड्याला आलेल्या त्या संघात जॉश सार्जंट आणि टिमोथी वेआ ही मुले होती. पाच वर्षांनी दोघेही कतारच्या विश्वचषकात होते आणि वेआने वेल्सविरुद्ध गोलही केला. भाच्याला हे मडगावला जाताना गाडीत सांगितले, तेव्हा त्याने स्टेडियमपाशी गाडी थांबवायला लावून फाटकाचा फोटो काढला. स्पर्धेचा इतिहास सांगून जे साधले नव्हते, ते तिथे उभे राहून साधले.

आणि सामना चालू असताना पाहुण्याने फोन काढला, तर काढू द्यावा. गर्दी उठली की तोही मान वर करतो. तेवढे पुरे आहे.

शेवटची गोष्ट परतफेडीची. पाहुण्याने आपल्या खेळाला दोन तास दिले, तर त्याच्या खेळाला आपण एक रात्र द्यावी, आणि तीही "यात काय आहे" असे न म्हणता. रविवारचे पहिले एनएफएल सामने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी एक वाजता सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळे मागे गेली की साडेअकराला. सामना तीन तास चालतो, तेव्हा थर्मासमध्ये चहा भरून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे काम ठेवू नये. चौथा डाऊन म्हणजे काय, हे मला अजून नीट सांगता येत नाही. भाच्याने मीठ आणि चमचे घेऊन समजावण्याची तयारी दाखवली होती, ती मी पुढच्या डिसेंबरवर ढकलली आहे.